शून्य ओलांडून गेलेले ४० मिलिव्होल्ट: मज्जातंतूंतील विजेच्या शोधाची पार्श्वभूमी

मज्जातंतूंतून विजेचे संदेश जातात, हे शाळेतच कानावर पडते. ही वीज तांब्याच्या तारेतल्यासारखी वाहत नाही, हे मात्र बहुतेकांपर्यंत पोचत नाही. तारेत इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने सरकतात. मज्जातंतूत सोडियम आणि पोटॅशियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, तंतूच्या पातळ पटलातून आडवे आत-बाहेर करतात. एका जागी झालेली ही उलथापालथ शेजारच्या जागेला चेतवते आणि संदेश पुढे जातो, माळेतला एक फटाका पुढच्याला पेटवतो तसा. मज्जातंतू मात्र काही मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार होतो. एवढे समजायला सुमारे १६० वर्षे लागली.

सुरुवात एका वादाने झाली. इटलीतल्या बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये बेडकांच्या पायांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि प्राण्यांच्या शरीरात स्वतःची वीज असते असे मांडले. आलेस्सांद्रो व्होल्टा यांचे म्हणणे होते की वीज येते ती प्रयोगात वापरलेल्या दोन धातूंमधून. या आग्रहातूनच १८०० साली व्होल्टांची बॅटरी जन्माला आली. पण गॅल्व्हानींनी धातू अजिबात न वापरता, फक्त चेता (मज्जातंतूंचा जुडगा) आणि स्नायू एकमेकांना टेकवूनही स्नायू आखडून दाखवला होता. दोघांचेही बरोबर होते. व्होल्टांची कीर्ती मोठी ठरली आणि गॅल्व्हानींची बाजू कित्येक दशके मागे पडली, याचे वाईट वाटते.

पुढचा धक्का बर्लिनच्या परंपरेतून आला. योहानेस म्युलर यांच्यासारख्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाला वाटे की चेतेतल्या संदेशाचा वेग कधीच मोजता येणार नाही. त्यांचेच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० पर्यंत तो मोजून दाखवला. त्यांनी बेडकाच्या चेतेला आधी स्नायूजवळ आणि मग स्नायूपासून दूर विजेचा झटका दिला व स्नायू आखडायला लागणाऱ्या वेळेतला फरक पकडला. वेग निघाला सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तारेतल्या विजेशी याचा मेळ बसणे शक्यच नव्हते.

१९०२ मध्ये युलियस बर्नस्टाइन यांनी स्पष्टीकरण मांडले. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर कमी. पटलातून फक्त धनभारित पोटॅशियम बाहेर झिरपते, म्हणून आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण राहते. संदेश येतो तेव्हा पटल क्षणभर सगळ्याच आयनांना वाट देते आणि फरक शून्यावर येतो. पहिला भाग बराचसा खरा निघाला. त्याच वर्षी अर्नेस्ट ओव्हरटन यांनी दाखवले की सोडियम नसलेल्या द्रावणात बेडकाचा स्नायू चेतवता येत नाही. उत्तराचा अर्धा भाग असा समोरच होता, पण जवळपास चाळीस वर्षे त्याचा पाठपुरावा झाला नाही.

अडचण आकाराची होती. माणसाचा जाडजूड मज्जातंतूही २० मायक्रोमीटरच्या आसपास असतो. त्याच्या आत तेव्हा कोणती तार घालणार? १९३६ मध्ये जे. झेड. यंग यांनी लक्ष वेधले ते स्क्विडकडे, म्हणजे कोकणात जिला माकुल म्हणतात तिच्याकडे. संकटात पाण्याचा फवारा मारून निसटण्यासाठी तिच्या अंगात अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे मज्जातंतू असतात.

१९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रयोगशाळेत २५ वर्षांचे ॲलन हॉजकिन आणि २१ वर्षांचे अँड्र्यू हक्स्ली यांनी अशा तंतूत काचेची बारीक नळी लांबीने सरकवली आणि आतला विद्युतदाब थेट मोजला. बर्नस्टाइन यांच्या म्हणण्याप्रमाणे तो शून्यापाशी थांबायला हवा होता. तो शून्य ओलांडून सुमारे ४० मिलिव्होल्ट धन झाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा ही एक नोंद आहे. पटल नुसते गळके झाले असते तर आतली बाजू धन होण्याचे कारणच नव्हते; कुठला तरी धन आयन मुद्दाम आत घेतला जात होता. काही आठवड्यांत युद्ध पेटले, हॉजकिन रडारच्या कामाला लागले आणि प्रश्न तसाच राहिला.

१९४९ मध्ये हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी समुद्राच्या पाण्यातले सोडियम कमी करून पाहिले. संदेशाच्या वेळी विद्युतदाब जितका वर चढे, ती उंचीही घटली. मग केनेथ कोल यांच्या कल्पनेतून आलेले व्होल्टेज क्लॅम्प तंत्र वापरले गेले. यात पटलावरचा विद्युतदाब हवा तिथे रोखून धरतात आणि त्यासाठी किती प्रवाह लागतो ते मोजतात. चित्र स्वच्छ झाले. दाब थोडा चढला की सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत शिरते, दाब आणखी चढतो, आणखी दारे उघडतात. साधारण मिलिसेकंदात ही दारे आपोआप मिटतात. सावकाश उघडणारी पोटॅशियमची दारे दाब पुन्हा खाली आणतात. मिटलेली सोडियमची दारे लगेच उघडत नाहीत, म्हणून संदेश उलटा फिरत नाही.

१९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्स्ली यांनी हे सारे समीकरणांत मांडले. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्स्लींनी हाताने दांडा फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. समीकरणांतून संदेशाचा वेग आला सेकंदाला १८.८ मीटर; प्रत्यक्ष मोजलेला होता २१.२. पोटॅशियमच्या समीकरणात त्यांना एका राशीचा चौथा घात घ्यावा लागला होता, निव्वळ आलेख जुळावा म्हणून. पोटॅशियमची वाहिनी, म्हणजे पटलातले हे दार, चार भागांची असते, हे पुढे कित्येक वर्षांनी उमगले. १९६३ चे नोबेल हॉजकिन आणि हक्स्ली यांना जॉन एकल्स यांच्यासह मिळाले.

ही ‘दारे’ तोवर कोणी पाहिली नव्हती. १९७६ मध्ये एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी एकाच वाहिनीतून जाणारा प्रवाह नोंदवला, तर १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने पोटॅशियम वाहिनीची रचना अणूंच्या पातळीवर दाखवली. माणसात सोडियमच्या अशा वाहिन्यांचे नऊ प्रकार आहेत. दातांच्या डॉक्टरांचे लिडोकेन सोडियमच्या वाहिन्या अडवते, पण प्रकार न निवडता; म्हणून बधिर करताना ते टोचले तेवढ्याच जागेपुरते वापरतात. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांतल्या मुलांना जन्मापासून वेदनाच कळत नव्हती. त्यांच्यात यांतल्याच एका वाहिनीचे जनुक निकामी असल्याचे २००६ मध्ये उघड झाले. तेव्हापासून वेदनेच्या चेतांतल्या नेमक्या वाहिनीला अडवणाऱ्या औषधाच्या शोधाला जोर आला. वाहिनीच्या दुसऱ्या एका प्रकाराला अडवणाऱ्या सुझेट्रिजिन या वेदनाशामकाला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. चाचण्यांत ते औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरले, पण अफूवर्गीय औषध असलेल्या मिश्रणापेक्षा नाही.