ईस्टर बेटाची माती आणि छातीतला स्टेंट

अँजिओप्लास्टी झाली की डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, 'औषधाचा लेप असलेला स्टेंट टाकलाय.' स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी. त्यावरचं औषध कसलं, हे विचारण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कुणीच नसतं. बऱ्याचदा ते सिरोलिमस किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादं असतं. सिरोलिमसचं जुनं नाव रॅपामायसिन, आणि ते सापडलं प्रशांत महासागरातल्या रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटाच्या मातीत.

१९६४ मध्ये कॅनडाचं एक वैद्यकीय पथक या बेटावर गेलं आणि मातीचे नमुने घेऊन परतलं. पुढे माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांना त्या मातीतला एक जिवाणू बुरशीला रोखणारा रेणू बनवताना आढळला. १९७५ मध्ये तो प्रसिद्धही झाला. पण हा रेणू रोगप्रतिकारशक्तीच दाबतो हे लक्षात आलं आणि बुरशीवरच्या औषधाचा बेत बारगळला. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा सेहगल यांनी जिवाणूचा साठा घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी त्याच रेणूला मान्यता मिळाली, ती नेमक्या त्या 'दोषा'मुळेच!

आपल्या बहुतेक पेशी मनाला येईल तेव्हा विभागत नाहीत. त्यांना बाहेरून हुकूम लागतो आणि तो आणतात ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं. अँजिओप्लास्टीत अरुंद धमनी रुंद करायला आत फुगा फुगवला की तिचं अस्तर दुखावतं, तिथे प्लेटलेट जमतात आणि पीडीजीएफ हा ग्रोथ फॅक्टर सोडतात. तो धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींच्या ग्राहकांना, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतो आणि निरोप आत एमटॉर या प्रथिनापर्यंत जातो. एमटॉर मोठा हिशेबी. हुकूम आलाय खरा, पण अमिनो आम्लं आहेत का, ऊर्जा आहे का, हेही तो पाहतो. सगळं जुळलं तरच प्रथिनांचं उत्पादन वाढतं, पेशी मोठी होते आणि विभागते. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये या वाढीमुळेच काही रुग्णांची धमनी पुन्हा अरुंद व्हायची.

रॅपामायसिन पेशीत शिरून आधी एफकेबीपी-१२ या छोट्या प्रथिनाला धरतं आणि मग ही जोडगोळी एमटॉरवर जाऊन बसते. हुकूम दारापर्यंत येतो, पण त्याची अंमलबजावणी होत नाही. पेशी सहसा मरत नाही, विभाजनाच्या उंबरठ्यावर थबकते. केमोथेरपीच्या अनेक औषधांसारखं हे मारेकरी औषध नव्हे.

मात्र ते स्नायुपेशी आणि अस्तराच्या पेशी यांत भेद करत नाही. त्यामुळे स्टेंटवर नवं अस्तर चढायला वेळ लागतो आणि उघड्या धातूवर गुठळी होण्याचा धोका राहतो. डॉक्टर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या महिनोन्महिने का घ्यायला लावतात, त्याचं एक मोठं कारण हे.

२००९ मध्ये म्हाताऱ्या उंदरांचं आयुष्य या रेणूने वाढलं (माद्यांमध्ये सुमारे १४, नरांमध्ये ९ टक्के) आणि तेव्हापासून तारुण्याच्या हव्यासापायी काही लोक तो स्वतःवरच आजमावताहेत. माणसाचं आयुष्य त्याने वाढल्याचा पुरावा नाही. तोंडात फोड येतात, कोलेस्टेरॉल वाढू शकतं, संसर्ग बळावू शकतो. मातीतून आलेलं म्हणजे सौम्य, असं मानणाऱ्यांची मला काळजी वाटते. जखम भरायलाही ग्रोथ फॅक्टरचाच हुकूम लागतो, म्हणून प्रत्यारोपणानंतर टाके सुकेपर्यंत अनेक डॉक्टर हे औषध सुरूच करत नाहीत.