फुगीर वण आणि केलॉइड : सावळ्या त्वचेवरील ओळख व उपचार

निपाणीकडच्या गुऱ्हाळावर उकळत्या काकवीने भाजलेला हात असो किंवा बेळगावात बुगडीसाठी टोचलेली कानाची कड असो, जखम भरल्यावर तेथे टणक, उंच वण उरला की दोन्हींवर एकच मलम चोळले जाते. वास्तविक भाजल्यानंतर बहुधा येतो तो फुगीर वण आणि कानावर बहुधा वाढतो तो केलॉइड. दोन्हींत कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, प्रमाणाबाहेर तयार होते. मात्र फुगीर वण मूळ जखमेच्या हद्दीतच राहतो, महिना-दोन महिन्यांत दिसू लागतो आणि पुष्कळदा कालांतराने आपोआप सपाट होत जातो. केलॉइड ती हद्द ओलांडून निरोगी त्वचेत शिरतो, कधी वर्षभरानंतरही डोके वर काढतो आणि सहसा आपण होऊन ओसरत नाही. सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत, त्यातही घरात आधी कुणाला झालेला असल्यास, तो अधिक आढळतो.

गोऱ्या त्वचेवर वाढता वण लालसर दिसतो. आपल्याकडे तो तपकिरी किंवा जांभळट काळा दिसतो, म्हणून लाली नाही यावरून वाढ थांबली असे समजू नये. खाज, ठणका आणि कडेचा कडकपणा यांकडे लक्ष द्यावे.

फुगीर वणावर सिलिकॉनची पट्टी रोज किमान 12 तास, दोन-तीन महिने लावणे पुष्कळदा पुरेसे ठरते.

केलॉइडमध्ये ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइड औषधाचे इंजेक्शन थेट गाठीत, साधारण 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने देतात. औषध गाठीबाहेर गेले तर भोवतालची त्वचा पातळ व फिकट होते आणि सावळ्या कानावर ते फिकट कडे लांबूनही दिसते. बहुधा काही महिन्यांत रंग परततो, पण ही कल्पना रुग्णाला आधीच द्यायला हवी. द्रव नायट्रोजनने गोठवण्याच्या उपचारात धोका अधिक, कारण रंगपेशी थंडीने लवकर मरतात आणि पांढरा डाग दीर्घकाळ राहू शकतो.

नुसता कापून काढलेला केलॉइड बहुतेकदा परत येतो, कधी पहिल्यापेक्षा मोठा होऊन. त्यामुळे कापल्यानंतर इंजेक्शने, कानाला दाब देणारी क्लिप किंवा लगेचचे रेडिएशन यांपैकी काय करणार, हे विचारल्याशिवाय शस्त्रक्रियेस संमती देऊ नये. गाठीवर बिब्बा तर मुळीच लावू नये; त्याने त्वचा पोळून नवी जखम होते. एका कानाला केलॉइड आलेल्या मुलीचे कान हौसेखातरही पुन्हा टोचू नयेत.