चाचेगिरीबद्दल इंटरनेट ग्राहकांना इशारा व दंड

चित्रपट, गाणी यांच्या चोरट्या प्रती उतरवणाऱ्या ग्राहकाला इंटरनेट कंपनीने आधी इशारा द्यायचा आणि तरी ऐकले नाही तर वेग कमी करायचा किंवा जोडणी तोडायची, अशी पद्धत. फ्रान्सने २००९ मध्ये ‘हादोपी’ कायद्याने ती आणली. जोडणी तोडण्याची शिक्षा २०१३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेतील पाच मोठ्या कंपन्यांची सहा इशाऱ्यांची योजना २०१३ मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये गुंडाळली गेली.

टोरंटवर, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून फाइली घेण्याच्या पद्धतीत, फाइल उतरवणारा ती त्याच वेळी इतरांना वाटतही असतो. हक्कधारकाची माणसे तिथे शिरून आयपी पत्ते (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचे क्रमांक) आणि वेळ टिपतात व कंपनीकडे तक्रार धाडतात. पुढे ग्राहक शोधणे कंपनीचे काम.

सोलापूरसारख्या शहरात घोडे इथेच अडते. अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता असेल, तर पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यामागच्या जोडण्या वेगळ्या ओळखण्याचा आकडा) आणि नेमकी वेळ कळल्याशिवाय साखर पेठेतले घर जुळे सोलापुरातल्या घरापासून वेगळे काढता येत नाही. काढले तरी हाती लागते ते जोडणीधारकाचे नाव. पूर्व भागात खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. वायफायचा पासवर्ड कामगारांपासून शेजारच्या पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ आणि जोडणी आजोबांच्या आधार कार्डावर. पत्र आलेच तर आजोबांना येणार!

भारतात इशारे मोजत शिक्षेपर्यंत नेणारी अशी कायदेशीर योजना नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, पण तो ठोठावणार न्यायालय. कंपन्यांना आदेश मिळतात ते संकेतस्थळे बंद करण्याचे. अज्ञात प्रतिवादीला त्यांत ‘अशोक कुमार’ म्हणतात. त्यामुळे सोलापूरकराला इशारा भेटतो तो बंद केलेले संकेतस्थळ उघडताना पडद्यावर येणाऱ्या पानाच्या रूपात. २०१६ मध्ये अशा पानावर चोरटी प्रत नुसती पाहणेही गुन्हा ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ते चुकीचे असल्याचे स्पष्ट केले. धाक दाखवायचा तर निदान कायदा वाचून दाखवावा.

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि तेलुगू चित्रपटांचा मोठा हंगाम एकदमच येतात. नव्या चित्रपटाची चोरटी प्रत आता टेलिग्रामवरही फिरते, आणि तिथली वाहतूक कूटबद्ध असल्याने कोणती फाइल उतरली हे नेटवाल्याला दिसत नाही.