जाळ्याचा डोळा आणि गोदावरीचा मासा

निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या भोई वस्तीत जाळं लांबीरुंदीवरून ओळखत नाहीत, डोळ्यावरून, म्हणजे दोऱ्यांमधल्या भोकावरून ओळखतात. दोन बोटांचं, तीन बोटांचं, चार बोटांचं. डोळ्यात किती बोटं मावतात ते पाहिलं, की ते जाळं कोणत्या माशासाठी पडणार हे ठरलं. सरकारी कागदांत याच डोळ्याला ‘आस’ म्हणतात आणि तो मिलिमीटरमध्ये मोजतात. नदीत उद्या मासा उरणार की नाही, याचा निकाल पुष्कळ अंशी या एका मापावर लागतो. म्हणून तिथे गेलं की पाण्याआधी ओट्यावर चाललेली जाळ्यांची डागडुजी बघावी.

जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेली असते. एका हातात दोरा भरलेली सपाट सुई, दुसऱ्या हाताची बोटं फाटलेल्या डोळ्याच्या आत. सुई खालून वर येते, आधीच्या फासाला वेढा घालते, पुन्हा एकदा वेढा घालते आणि मग गाठ करकचून आवळली जाते. हा दुसरा वेढा नायलॉनमुळे लागतो. सुती दोरा खरखरीत, त्याची साधी गाठही धरून राहते. नायलॉनचा धागा गुळगुळीत, त्याची साधी गाठ सरकते. गाठ सरकली की एक डोळा फाकतो, शेजारचा आवळतो आणि जाळ्याचं माप बिघडतं.

माप बिघडलं तर एवढं काय मोठंसं? पाण्यात आडवं लावून ठेवायचं जाळं चाळणीसारखं चालत असेल, असं आपल्याला वाटतं: लहान मासा निसटतो, मोठा अडकतो. पण तसं होत नाही. मासा पोहत येतो आणि डोळ्यात डोकं घालतो. डोकं जातं, जाड पोट जात नाही. मागे फिरायला जातो, तर कल्ल्याच्या झाकणामागे दोरा रुतलेला असतो. याचा अर्थ, डोळ्यापेक्षा बारीक मासा आरपार जातो, तसाच फार मोठा मासाही बहुतेक वेळा वाचतो, कारण त्याचं डोकंच आत शिरत नाही. मधल्या एका ठरावीक मापाचा मासा सर्वांत जास्त सापडतो. फ्योदोर बारानोव या रशियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे भूमितीच्या भाषेत मांडलं: एकाच जातीचे लहानमोठे मासे साधारण एकाच आकृतीचे असतात, म्हणून डोळा दुप्पट केला की सापडणाऱ्या माशाची लांबीही जवळपास दुप्पट होते.

जात बदलली की मात्र हिशेब बदलतो. कटल्याचं डोकं मोठं आणि अंग उंच, त्यामुळे तो लांबीने कमी असतानाच अडकतो. मरळ गोलसर आणि लांबट, ती त्याच डोळ्यातून निघून जाते. वाम तर जवळपास सापासारखी. शिंगट्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या परांचे काटे दातेरी असतात, ते दोऱ्यात गुंततात, त्यामुळे अंगाचं माप काहीही असलं तरी तो सापडतो.

फेकजाळ्याचं शास्त्र निराळं. हे जाळं गोल, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या. फेकताना कमरेतून गिरकी द्यायची, म्हणजे कडेची वजनं बाहेर धाव घेतात आणि जाळं हवेतच पसरतं. शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड, त्यामुळे कड आधी तळाला जाते आणि मासा आत कोंडला जातो. फेकणारा त्याआधी काठाने वाकून का चालतो, याचं उत्तर प्रकाशाच्या वक्रीभवनात आहे. पाण्याखालच्या माशाला वरचं सगळं जग ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. क्षितिजाजवळच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला चेपून, अंधूक दिसतात. उभ्या माणसाला मासा लवकर हेरतो, वाकलेला माणूस कडेच्या अंधुकात राहतो. हे गणित न मांडता कित्येक पिढ्यांनी अंगात मुरवलं आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

जाळं ही माणसाच्या फार जुन्या वस्तूंपैकी एक आहे. फिनलंडजवळच्या कारेलियात १९१३ साली मिळालेलं विलो झाडाच्या सालीच्या धाग्यांचं जाळं सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वीचं आहे आणि त्याचा डोळा सहा सेंटिमीटरच्या आसपास होता. खरा बदल झाला तो १९३५ मध्ये नायलॉन तयार झाल्यावर. सुती जाळं जिवाणूंमुळे कुजायचं, ते रोज वाळवावं लागायचं. नायलॉन कुजत नाही. सोय मोठी, पण पुरात वाहून गेलेलं सुती जाळं काही महिन्यांत मातीत मिळायचं. नायलॉनचं जाळं झाडाच्या मुळांत अडकून वर्षानुवर्षं मासे मारत राहतं. ते मासे कुणाच्याच ताटात येत नाहीत. बुडी मारणारे पाणकावळेही अशा जाळ्यांत सापडतात.

बारीक डोळ्याचं जाळं स्वस्तात मिळू लागल्यापासून ते वापरण्याचा मोहही वाढला. “डोळा बारीक केला, भाऊ, तर आज टोपलं भरंल, पुढच्या साली काय काढायचं?” असं वस्तीतले एक आजोबा म्हणाले. जीवशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. एका किलोची रोहू मादी साधारण दोन लाख अंडी देते, पण तेवढी वाढायला तिला वेळ मिळायला हवा. एकदाही अंडी न घातलेली मादी पकडली, तर एका माशाबरोबर तिची सगळी वीणच जाते. त्यातही मोठ्या मादीचं मोल वजनाच्या हिशेबापेक्षा जास्त असतं. समुद्री माशांच्या ३४२ जातींची माहिती तपासणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात असं दिसलं, की बहुतेक जातींत दुप्पट वजनाची मादी दुपटीहून जास्त प्रजनन करते. म्हणून अगदी लहान आणि अगदी मोठा, दोघांनाही सोडणारा योग्य मापाचा डोळा नदीच्या भल्याचा.

डोळा सांभाळूनही भागत नाही, कारण पाणीच बिघडलं आहे. नाशिक शहराचं सांडपाणी खाली येतं, त्यावर पाणवेली पोसल्या जातात आणि पृष्ठभाग झाकून टाकतात. वीस अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच. त्यात सडणारी पाणवेल उरलासुरला प्राणवायू खाते. रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी होतो आणि मासे तोंड वर काढू लागतात. हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ तगते, रोहू-कटला मरतात.

शिवाय नाशिकचा असाही एक मासा आहे, ज्याला कोणत्याच डोळ्याचं जाळं वाचवू शकत नाही. देवळालीजवळ सापडलेल्या पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी या मासळीचं वर्णन सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनी १९३८ मध्ये केलं. बोटाएवढी ही मासळी आज अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या नांदूर मध्यमेश्वरच्या नोंदीतही तिचं नाव आहे. तिला खळाळतं स्वच्छ पाणी आणि तळाशी दगडगोटे लागतात. वाळूउपसा थांबवणं आणि सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणं, हे भोयांच्या हातातलं काम नाही. ते आपलं, वरच्या अंगाला राहणाऱ्या शहराचं काम आहे.