व्हिडिओचाही वजनी गट असतो

तासगावच्या माझ्या भाच्याने द्राक्षबागेच्या खरड छाटणीवर १८ मिनिटांचा व्हिडिओ टाकला. आठवड्यात जेमतेम ३०० व्ह्यूज. त्याच बागेत चिखलात घसरून पडलेल्या मित्राच्या १५ सेकंदांच्या शॉर्टला ४० हजार. "मामा, अल्गोरिदम कोपलाय बघा," म्हणाला. कुणीतरी त्याला गुरुपुष्यावर अपलोड करायचाही सल्ला दिला होता! द्राक्षाच्या भावाला मुहूर्त लागत नाही, तसा सर्व्हरलाही लागत नाही, एवढं त्याला सांगितलं. पण व्ह्यूज म्हणजेच पसंती, हा त्याचा समज त्याच्या एकट्याचा नाही.

व्ह्यू म्हणजे फक्त दार उघडलं. माणूस आत किती वेळ बसला, ते वेगळं. यूट्यूबनेसुद्धा २०१२ मध्ये शिफारशी करताना क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली.

पण हा वेळ मोजायचा कसा? खरी गंमत इथे आहे. समजा, ४ मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी २ मिनिटं २४ सेकंद पाहतात, म्हणजे ६० टक्के. २० मिनिटांचा पाहतात ७ मिनिटं, म्हणजे ३५ टक्के. टक्के बघाल तर पहिला जिंकला, मिनिटं बघाल तर दुसरा. टक्क्यांचं माप आखूड व्हिडिओला झुकतं, मिनिटांचं लांबण लावणाऱ्याला.

यावरचा तोडगा आपल्याकडच्या कुणालाही पटकन कळावा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते ५७ किलो गटात. त्यांना कुणी १०० किलोच्या मल्लाशी भिडवलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिकी वू, मारियन-आंद्रेई रिझोइऊ आणि लेक्सिंग शिए यांनी २०१८ मध्ये ५३ लाख यूट्यूब व्हिडिओंचा अभ्यास मांडला, त्यात हेच केलं. साधारण सारख्या लांबीच्या व्हिडिओंचा एकेक गट करायचा आणि त्या गटात आपला व्हिडिओ किती जणांच्या पुढे आहे ते पाहायचं. वरच्या उदाहरणात पहिला आपल्या गटातल्या १०० पैकी ४० व्हिडिओंच्या पुढे असेल, तर त्याचे गुण ०.४०. दुसरा ८० च्या पुढे असेल, तर ०.८०. म्हणजे ३५ टक्केवाला सरस! गट पाडताना लांबी लॉगरिदमच्या पट्टीवर घेतात. त्या पट्टीवर १० आणि २० सेकंदांतलं अंतर १० आणि २० मिनिटांतल्या अंतराएवढंच, कारण दोन्हीकडे लांबी दुपटीनेच वाढते. सरळ मिनिटांच्या पट्टीवर सगळे छोटे व्हिडिओ एकाच कोपऱ्यात कोंबले गेले असते.

आता यंत्राचं काम. व्हिडिओ अपलोड होण्याआधीच त्याची लांबी, विषय, भाषा, चॅनेलची मागची कामगिरी एवढ्यावर संगणकाचं मॉडेल लोक त्याचा सरासरी किती टक्के भाग पाहतील याचा अंदाज बांधतं. सगळ्यांना सरसकट सरासरी आकडा दिला असता, तर जी चूक झाली असती (प्रत्येक चुकीला तिनेच गुणून सगळ्यांची बेरीज घेऊन), तिच्यातली ७७ टक्के या पद्धतीने कमी झाली. याचा अर्थ '१०० पैकी ७७ अंदाज बरोबर' असा नव्हे, आणि 'व्हायरल होण्याचं सूत्र' तर मुळीच नव्हे. ते विकणाऱ्या कार्यशाळांची फी भरण्यापूर्वी हे आठवावं. व्ह्यूज बाहेरच्या धक्क्यांवर नाचतात, कुठल्या तरी ग्रुपवर व्हिडिओ फिरला की उसळतात. लोक किती वेळ टिकतात हे प्रमाण मात्र दिवसांगणिक फारसं हलत नाही, म्हणूनच त्याचा अंदाज बांधता येतो.

हे सगळं ऐकल्यावर भाच्याने मोबाईलवर आपल्या व्हिडिओत प्रेक्षक कुठवर टिकले याचा आलेख उघडला. पहिल्या ४० सेकंदांत रेषा धाडकन खाली आली होती. तिथे त्याचा फिरणारा लोगो होता आणि "नमस्कार शेतकरी बांधवांनो"पासून सुरू झालेली आभारांची यादी. काडीवर कात्री चालायला लागल्यावर रेषा जवळपास सपाट, ती थेट १४ व्या मिनिटापर्यंत.