दिग्दर्शक वेगळा, दुसऱ्या युनिटचा दिग्दर्शक वेगळा

जून २०२५ मध्ये पुढच्या बॉण्डपटाचा दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं. त्याच आठवड्यात भाचा घरी आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "मामा, आता संपला बॉण्ड. ह्यो माणूस लई संथ. ह्याला गाड्या उडवायला कुठं जमणार?" तेरा वर्षांपूर्वी 'स्कायफॉल'च्या सॅम मेंडिसच्या वेळी सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर हेच ऐकलं होतं: "नाटकवाला माणूस, त्याला अॅक्शन काय कळणार?" त्याआधी 'क्वांटम ऑफ सोलेस'च्या मार्क फॉर्स्टरच्या वेळीही हेच. दिग्दर्शकाचं नाव बदलतं, तक्रार तीच राहते. आणि ती प्रत्येक वेळी चुकीच्या माणसावर होते.

दिग्दर्शक काय करतो हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, तिथल्या माणसाला तरी ते सांगावं लागू नये. नटाकडून काम करून घेणं, प्रसंगाची लय ठरवणं, पटकथेतलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते बघणं, हे सगळं त्याचं.

दोन किरकोळ गोंधळ आधी बाजूला करतो. निर्माता म्हणजे दिग्दर्शक नव्हे. बॉण्डच्या बाबतीत निर्मात्यांचा शब्द फार चालत आला आहे, पण तो वेगळा विषय. आणि स्टंट को-ऑर्डिनेटर म्हणजे साधारण आपला फाइट मास्टर. कोण कुठून पडणार, खाली गादी किती जाड, गाडीचा वेग किती, हे तो बघतो. एवढं पुरे.

खरा घोळ आहे तो 'सेकंड युनिट डायरेक्टर' या नावाचा. श्रेयनामावलीत ते येतं तेव्हा लोक उठून पार्किंगकडे निघालेले असतात. नाव ऐकून वाटतं, हा दिग्दर्शकाचा मदतनीस असेल, गर्दी आवरणारा, चहा सांगणारा. तो असिस्टंट डायरेक्टर, आणि त्याचंही काम चहा सांगण्याचं नसतं. दुसऱ्या युनिटचा दिग्दर्शक हा स्वतःचा कॅमेरामन, स्वतःची माणसं, स्वतःचं वेळापत्रक असलेला वेगळा दिग्दर्शक असतो. मुख्य युनिट लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत नायक आणि खलनायकाचं बोलणं चित्रित करत असतं, तेव्हा दुसरं युनिट दुसऱ्याच देशात घाटातून गाड्या पळवत असतं. नायक तिथे सहसा नसतोच. त्याचा डुप्लिकेट असतो, त्याच मापाच्या, त्याच रंगाच्या सुटात.

मला हे पहिल्यांदा कळलं ते वाईजवळ. कॉलेजात असताना एका हिंदी चित्रपटाचं शूटिंग बघायला आम्ही तिघे सांगलीहून एसटीनं गेलो होतो. दिवसभर उन्हात उभे राहिलो. एक जीप धुरळा उडवत यायची, वळायची, थांबायची, परत मागे जायची. अकरा वेळा मोजली मी. जीपमध्ये नायकाचा शर्ट घातलेला माणूस होता, नायक नव्हता. संध्याकाळी एका लाइटवाल्याला विचारलं, दिग्दर्शक कोणते? तो म्हणाला, साहेब आज मुंबईत आहेत. पुढे तो चित्रपट थिएटरात बघितला तेव्हा जीपचा प्रसंग दीड मिनिटाचा होता. मध्ये दोनदा नायकाचा घामाघूम चेहरा होता, आणि तो चेहरा त्या दिवशी वाईत नव्हता.

बॉण्डपटात हेच होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. 'द स्पाय हू लव्हड मी' (१९७७) मधली सुरुवातीची उडी घ्या. बर्फाच्या कड्यावरून स्की घातलेला बॉण्ड खाली झेपावतो, कितीतरी वेळ नुसता पडत राहतो, आवाज थांबलेला, आणि मग ब्रिटनच्या झेंड्याचं पॅराशूट उघडतं. ती उडी १९७६ मध्ये कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटावरच्या माउंट अॅस्गार्डवरून रिक सिल्व्हेस्टर या माणसानं मारली. बॉण्ड झालेला रॉजर मूर तिथे नव्हता. चित्रपटाचा दिग्दर्शक लुइस गिल्बर्टही नव्हता. हवा उघडायची वाट बघत छोट्या पथकाबरोबर थांबला होता जॉन ग्लेन, दुसऱ्या युनिटचा दिग्दर्शक. कॅमेरे अनेक लावले होते, पण उडी धड टिपली ती एकाच कॅमेऱ्यानं. हा प्रसंग गिल्बर्टच्या नावावर सांगणाऱ्याला मी दर वेळी थांबवतो.

मग मुख्य दिग्दर्शक कशाला हवा? त्याचं उत्तर माझ्या सर्वांत आवडत्या बॉण्डपटात आहे, 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस' (१९६९). दिग्दर्शक पीटर हंट, आधीच्या बॉण्डपटांचा संकलक. त्याच्या हाताखाली दुसऱ्या युनिटवर हाच जॉन ग्लेन. बर्फातल्या घसरगाडीचा जीवघेणा पाठलाग ग्लेनच्या पथकाचा, आणि तो आजही श्वास रोखायला लावतो. पण हा चित्रपट माणसाच्या मनात राहतो तो शेवटासाठी. लग्न लागून काही वेळच झालेला, रस्त्याच्या कडेला थांबलेली गाडी, गोळी लागून गेलेली बायको, आणि तिला जवळ घेऊन बसलेला बॉण्ड. त्यानंतर पाठलाग नाही, सूड नाही, चित्रपट तिथेच थांबतो. तो शेवट पडद्यावर असा शांतपणे उभा करणं हे हंटचं काम. घसरगाडी कितीही जोरात पळवली तरी त्यानं ते साधत नाही.

आता मेंडिस. लंडनचं डॉनमार वेअरहाउस हे छोटं थिएटर त्यानं दहा वर्षं चालवलं. 'स्कायफॉल' (२०१२) च्या सुरुवातीला तुर्कस्तानात मोटारसायकली, रेल्वे, पूल असा जो धुमाकूळ आहे, त्यात दुसऱ्या युनिटचा मोठा वाटा आहे. त्या युनिटचा प्रमुख अलेक्झांडर विट. हाच विट 'कसिनो रोयाल' (२००६) मध्ये होता, हाच 'नो टाइम टू डाय' (२०२१) मध्ये होता. दिग्दर्शक तीन, कॅम्पबेल, मेंडिस आणि फुकुनागा, पण पाठलाग टिपणारा माणूस एकच. हे कळलं की "नाटकवाल्याला अॅक्शन काय कळणार" या प्रश्नातला दमच जातो.

मेंडिसचं खरं काम बघायचं तर खलनायकाचा पहिला प्रवेश बघा. बॉण्ड खुर्चीला बांधलेला. लांब दालनासारखा हॉल. अगदी मागे लिफ्ट उघडते, सिल्व्हा बाहेर येतो आणि बेटावरच्या उंदरांची गोष्ट सांगत सांगत चालत पुढे येतो. कॅमेरा जवळजवळ हलत नाही. नट चालतो, बोलतो, आणि आपण खुर्चीला खिळून राहतो. हा रंगमंच जाणणाऱ्याचा प्रसंग आहे. लांब पल्ल्याचा प्रवेश एका नटावर सोडायला धीर लागतो, आणि तो धीर तालमीच्या हॉलमध्ये येतो. 'स्कायफॉल'नं जगभरात १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, असं करणारा तो पहिला बॉण्डपट. ज्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात, त्या गावात 'नाटकवाला' हा शब्द हिणवायला वापरलेला मला सहन होत नाही, हे इथे सांगूनच ठेवतो.

पण दोन युनिटं वेगळी म्हणजे ती आपापली चालतात असं नाही, आणि इथेच गाडं अडतं. दुसऱ्या युनिटला काय टिपायचं ते चित्रफळ्यांवर, म्हणजे स्टोरीबोर्डवर, आधीच आखलेलं असतं. रोजचे रश, म्हणजे त्या दिवशी टिपलेले कच्चे तुकडे, दिग्दर्शकाकडे जातात, तो हे चालेल, हे परत घ्या असं सांगतो. नायकाचा चेहरा जिथे लागतो ते तुकडे मुख्य युनिट घेतं, आणि ज्या मारामारीत खुद्द नट आहेत ती बहुधा त्याच्याकडेच राहते. मग संकलकाच्या टेबलावर दोन्ही जुळतात. त्या दोन लयी जुळल्या नाहीत तर चित्रपटाला शिवण दिसते.

'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) मध्ये ती दिसते. फॉर्स्टर हा माणसांच्या नात्यांवर हळुवार चित्रपट करणारा. दुसऱ्या युनिटवर आणला डॅन ब्रॅडली, बॉर्न मालिकेतल्या धडधडत्या, थरथरत्या पाठलागांचा माणूस. शिवाय हॉलिवूडमधल्या लेखकांचा संप २००७च्या नोव्हेंबरपासून चालू, आणि चित्रीकरण जानेवारीत सुरू, म्हणजे पटकथा धड पुरी न होता. सुरुवातीच्या गाड्यांच्या पाठलागात कोण कुणाला धडकलं ते कळायच्या आत कट येतो. लोक म्हणतात, फॉर्स्टरला अॅक्शन जमली नाही. मी म्हणतो, त्याच्या चालीच्या माणसाला त्याच्या चालीचं दुसरं युनिट मिळालं नाही, आणि त्यानंही ते आपल्या चालीवर आणलं नाही. हा दोष त्याचाच आहे, पण तो वेगळा दोष आहे.

कारण त्याच चित्रपटात ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झचा प्रसंग आहे. सरोवरावरच्या रंगमंचावर 'टॉस्का' हा ऑपेरा चालू, मागे भलामोठा डोळा, आणि प्रेक्षकांत बसलेले कटवाले कानातल्या यंत्रातून एकमेकांशी बोलताहेत. बॉण्ड मध्येच बोलतो. घाबरून एकेक जण उठतो आणि ओळखला जातो. एक जण मात्र बसून राहतो. त्यानंतरच्या गोळीबाराचा आवाज जवळजवळ काढून टाकलाय, गाणंच ऐकू येतं. संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाला हा प्रसंग दोनदा बघितल्याशिवाय पुढे जाववणार नाही. ज्याला अॅक्शन कळत नाही त्याला हे सुचणार नाही.

उलट बाजूचा दाखला जॉन ग्लेनचा, आणि तो मी लपवत नाही. दुसऱ्या युनिटवरून तो मुख्य खुर्चीत आला आणि १९८१ ते १९८९ सलग पाच बॉण्डपट केले. आपल्याकडे उदयपूरला आलेला 'ऑक्टोपसी' (१९८३) त्याचाच. मग पाठलाग टिपणाऱ्यालाच दिग्दर्शक का करू नये? ग्लेन संकलकही होता, कुठला तुकडा कुठे बसतो ते त्याला हातानं ठाऊक होतं. आणि त्याच्या पाच चित्रपटांत मला उड्या आठवतात, माणसं कमी आठवतात. हे माझं मत आहे. ग्लेनचे चाहते माझ्याशी यावरून भांडतात, आणि भांडोत.

नोलनचं नावही दर वेळी निघतं. तिथे हा फरक आणखी महत्त्वाचा. ख्रिस्तोफर नोलन दुसरं युनिट सहसा वापरतच नाही, सगळं स्वतः टिपतो. त्याला बॉण्ड देणं म्हणजे नुसता दिग्दर्शक बदलणं नव्हे, ज्या पद्धतीनं ही मालिका दशकानुदशकं चालली ती पद्धतच बदलणं. त्यानं करावा की नाही यावर वाद घाला, पण हे धरून घाला.

आणि व्हिलनव्ह? 'सिकारिओ' (२०१५) मध्ये सीमेवरच्या वाहनांच्या रांगेत अडकलेल्या गाड्यांचा प्रसंग आहे. गाड्या जागच्या हलत नाहीत. पुढच्या गाडीतला माणूस दार उघडतो का नाही, एवढंच. तरी हाताला घाम येतो. भाच्याला मी तो प्रसंग लावून दाखवला, त्यानंतर तो 'संथ' म्हणाला नाही. पण माझी काळजी दुसरी आहे. 'ड्यून'च्या दुसऱ्या भागात (२०२४) वाळूतल्या अजस्र किड्यावर स्वार होण्याच्या दृश्यांसाठी वेगळं पथक होतं. ते त्यानं कुणा नामांकित अॅक्शनवाल्याला न देता स्वतःच्या घरात ठेवलं, त्याची पत्नी आणि निर्मितीतली सहकारी तान्या लापॉइंट हिच्याकडे. बॉण्डमध्ये तो असाच विश्वासातला माणूस नेमेल, की स्टुडिओ त्याच्या हातात एखादा तयार पाठलागवाला ठेवेल? मला फॉर्स्टर आठवतो.

भाच्याला सांगून ठेवलंय, नायक कोण ते तू मला सांग, दुसऱ्या युनिटवर कोण ते मी तुला सांगतो. ते नाव पहिल्या पानावर येणार नाही. पण ते कळलं की पुढचा बॉण्ड कुठल्या चालीनं चालणार याचा निम्मा अंदाज मला येईल, आणि मगच मी आगाऊ तिकिटं काढीन.