बॉटलनेकभोवतीचे साधन-वाटप

कारखाना असो, कचेरी असो वा रेल्वेमार्ग, कामाच्या साखळीत ज्या टप्प्याची क्षमता सर्वांत कमी त्याला बॉटलनेक म्हणतात. माणसे, यंत्रे, वेळ आणि पैसा यांची वाटणी या टप्प्याकडे बघून करावी, हा विचार इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट (१९४७–२०११) यांनी १९८४ साली ‘द गोल’ या पुस्तकातून मांडला. पुस्तक चक्क कादंबरी आहे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर काम करून देणारा, एखादा गाळा घेऊ. समजा, धातूचा प्रत्येक नग आधी लेथवर कातला जातो, मग मिलिंगवर कापला जातो आणि शेवटी ग्राइंडरवर घासला जातो. लेथवर तासाला ३० नग निघतात, मिलिंगवर २० आणि ग्राइंडरवर १२. आठ तासांच्या पाळीत तयार माल ९६ नगच. लेथ कितीही पळवला तरी माल पाठवण्याचे चलन ९६ नगांचेच फाटते. वाढतात ते ग्राइंडरपुढचे क्रेट आणि त्यांत अडकलेला पैसा.

म्हणून आधी सोय ग्राइंडरची. जेवणाच्या अर्ध्या तासात तो बंद राहिला की सहा नग गेलेच. त्यामुळे तिथे बदली कारागीर उभा करतात. एक तपासणी ग्राइंडिंगच्या आधीही हवी, कारण मिलिंगला माप चुकलेला नग ग्राइंडरवर चढला तर पाच मिनिटे फुकट जातात. सारख्या मापाचे नग एकत्र लावले की यंत्र नव्या मापाला लावण्याचे, म्हणजे सेटिंगचे, फेरे वाचतात. पुढ्यात तास-दोन तासांचा माल असला म्हणजे मागे लेथ बिघडला तरी ग्राइंडर थांबत नाही. कच्चा माल मात्र ग्राइंडरच्या चालीनेच सोडायचा.

घोडे पेंड खाते ते इथे. लेथवाला हात पुसत उभा दिसला की शेठला चैन पडत नाही. त्यात त्याचा इन्सेंटिव्ह नगांवर ठरलेला असेल, तर तो तरी कशाला थांबेल?

दुसरा ग्राइंडर घेण्याचा विचार हे सगळे करून झाल्यावर. तो आला की ग्राइंडिंग तासाला २४ वर जाते आणि मिलिंगचे २० आडवे येतात.

मध्य रेल्वेवर असेच झाले. कुर्ला–ठाणे आणि दिवा–कल्याण टप्प्यांत सहा मार्गिका होत्या, मधल्या ठाणे–दिवा टप्प्यात चारच. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि जलद लोकल तिथे एकाच रुळांवर येत. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथली पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. तेव्हा कोंडीची जागा सरकली ती कुर्ल्याच्या दक्षिणेला, जिथे या दोन मार्गिका अजून व्हायच्या होत्या.